टिकल्या लावून शोधलेला बाजार

माझ्या आयुष्यात टिकल्यांचा सगळ्यात जास्त खप माझ्या कपाळामुळे झाला नाही, नकाशामुळे झाला. भोरच्या पेठेतल्या बांगड्यांच्या दुकानातून मी लाल, हिरव्या आणि काळ्या टिकल्यांची पाकिटं मूठमूठभर न्यायला लागले, तेव्हा दुकानातल्या बाईंनी विचारलं, "घरात लगीन हाय का बाई?" मी म्हटलं, "नाही, संशोधन आहे." त्यांनी मुकाट्यानं पाकिटं पिशवीत घातली. पुढे त्या दुकानात माझ्याकडे जरा सांभाळूनच पाहिलं जायचं.

संशोधन असं होतं. मी शाळेत भूगोल शिकवायचे. वर्तमानपत्रात अधूनमधून एक ठरावीक बातमी येते. कुठं शेत नांगरताना नाणी निघतात, कुठं देवळाच्या जीर्णोद्धारात जुन्या मडक्यांचे तुकडे, कुठं गंजलेलं भाल्याचं पातं. ही कात्रणं मी वर्षानुवर्षं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठवत आले होते. का, ते विचारू नका. काही बायका प्लास्टिकच्या पिशव्या साठवतात, त्यांनाही कारण सांगता येत नाही. निवृत्त झाल्यावर पहिल्याच रिकाम्या दुपारी मी तो डबा उघडला आणि मला वाटलं, आपल्या हातात मोठंच काहीतरी आहे.

भोर आणि वेल्हे दोन्ही तालुक्यांचा एक मोठा नकाशा मी हॉलच्या भिंतीवर लावला. मध्ययुगातली म्हणून जी वस्तू जिथं सापडल्याची बातमी, तिथं एक टिकली. नाण्याला लाल, भांड्याला हिरवी, लोखंडाला काळी. जिथं टिकल्यांची गर्दी, तिथं कधीकाळी माणसांची गर्दी, आणि माणसांची गर्दी म्हणजे बाजार, असं माझं साधं त्रैराशिक होतं. कोकणातलं मीठ आणि नारळ बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर यायचे, देशावरचं धान्य आणि गूळ खाली जायचा. ते बैल कुठंतरी थांबत असणार, तिथं देवघेव होत असणार. ते 'कुठंतरी' मी शोधून काढणार होते. खणून शोधायचं तर परवानगी लागते, पैसा लागतो आणि कंबर लागते. माझ्या पद्धतीला नुसती कात्री लागत होती.

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. भोर-हिर्डोशी आणि भोर-वेल्हे या दोन रस्त्यांवर त्यांची बरीच नोकरी गेली. ते चहाचा कप घेऊन नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "तालुक्याला गोवर आलाय." थोर लोकांची घरात अशीच टिंगल होत आली आहे, अशी मी मनाची समजूत घातली.

हळूहळू टिकल्यांचे पुंजके दिसायला लागले. एक वेल्ह्याकडे, मढे घाटाच्या अंगाला. एक भोरमध्ये नदीकाठी. आणि सगळ्यात दाट पुंजका हिर्डोशीच्या वरच्या बाजूला, चक्क आमच्या वाडीत, देवीच्या देवळाभोवती. ही वाडी म्हणजे माझं सासर. सासरच्या वाडीतच मध्ययुगीन बाजारपेठ निघावी, हे भाग्य कितीजणींना लाभतं? आता तुम्ही म्हणाल, जाऊन जागा नीट पाहिलीस का? तर मी तिथं दर गणपतीला जातच होते, त्यामुळे पाहायची गरज वाटली नाही.

मग मी लेख लिहिला. पुण्याहून निघणाऱ्या एका लहानशा दिवाळी अंकानं तो छापला. लेखाचा शेवट मला आजही पाठ आहे, कारण त्यानंच माझा घात केला. 'यावरून घाटमाथ्यावरील या वाडीत मध्ययुगात मोठा बाजार भरत असे, हे निर्विवादपणे सिद्ध होते.' निर्विवादपणे हा शब्द मी आधी खोडला होता. मग चहा घेतला आणि परत लिहिला.

आठवड्याभरात आक्कांचा फोन आला. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. त्या वाडीतच राहतात, भात आणि नाचणी करतात. सुनेनं त्यांना लेख वाचून दाखवला होता.

"बाई, तू लिवलंयस ते खरं हाय का?"

घरातल्या थोरल्यासुद्धा मला बाईच म्हणतात, ही शाळेची कृपा.

"खरं म्हणजे काय, निर्विवाद आहे."

"मंजी?"

"म्हणजे त्यावर कुणाला भांडता येणार नाही."

"मग ब्येस झालं," आक्का म्हणाल्या. "आता बगतेच म्या येकेकाला."

मी लेखाचं कौतुक ऐकायला कान टवकारून बसले होते. आक्कांना लेखाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना बाजार हवा होता, तोही जिवंत, दर आठवड्याला भरणारा, देवळासमोरच्या पटांगणात.

त्यांचं म्हणणं साधं होतं. नाचणी विकायची तर भोरच्या बाजाराला यावं लागतं. डोक्यावर ओझं घेऊन वाडीतून फाट्यापर्यंत उतरायचं, तिथून एसटी. सकाळी भोरहून एक गाडी येऊन जाते, संध्याकाळी तीच परत येऊन जाते, आणि पावसाळ्यात तिचाही भरवसा नाही. गुडघे धरलेले. त्यातून माल सगळा खपला नाही तर परतीच्या गाडीच्या वेळेला व्यापारी म्हणेल त्या भावात टाकून यायचं, कारण ओझं परत चढवून नेणार कोण? पंचायतीत बाजार सुरू करायचा विषय निघाला होता, पण फाट्यावरच्या गावाला तो फाट्यावर हवा होता. आमची आणि त्यांची ग्रामपंचायत एकच. आक्का म्हणायच्या, "फाट्याला उतरायचंच आसंल तर गुडगं तितंच मोडत्यात. मग भोर काय वाईट?" त्यांना बाजार दारात हवा होता, आणि तो पूर्वीपासून दारातच होता असं त्यांच्या शिकलेल्या जावेनं छापून आणलं होतं.

ग्रामसभेची तारीख ठरली आणि मला बोलावणं आलं. पुरावा म्हणून मी स्वतः बोलायचं. मी नकाशा गुंडाळून पिशवीत घेतला, इस्त्रीची साडी नेसले, वाटेत एसटीत मनातल्या मनात भाषण म्हणत गेले. ह्यांनी विचारलं, "तिकीट कुठलं काढू? मध्ययुगाचं?" शेजारच्या बाकावरचा माणूस हसला. मी खिडकीबाहेर पाहिलं.

सभा देवळाच्या मंडपातच होती आणि आम्ही बरंच आधी पोचलो. आक्का नवी साडी नेसून, पदर खोचून मंडप झाडत होत्या. एवढ्या खुशीत मी त्यांना घरच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मी खांबाला टेकून बसले आणि आपलं मध्ययुगीन पटांगण डोळे भरून पाहू लागले. इथं मिठाच्या गोण्या, तिथं बैल, पलीकडे नाणी पारखणारा सराफ. मी अगदी रंगात आले होते.

तेवढ्यात वरच्या वाडीतली एक बाई आली. पदरात काहीतरी गुंडाळलेलं होतं. तिनं ते देवीच्या मागच्या कोनाड्यात ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, पाया पडली. मी जाऊन पाहिलं. मडक्याचा जुना काठ आणि गंजलेलं, मोडकं पातं. एक हिरवी टिकली आणि एक काळी. माझे डोळे चमकले.

"कुठं सापडलं हे?"

"वरल्या वावरात, वड्याच्या कडंला. बांध घालताना गावलं." ती गेलीसुद्धा.

वरचं वावर म्हणजे तिथून डोंगरातली चांगली चढण. मी आक्कांना विचारलं, "तिकडे सापडलेलं इथं कशाला आणलं हिनं?"

आक्कांनी झाडू थांबवला. "मग कुठं ठिवायचं? जिमिनीतनं निगालेलं कुणी घरात ठिवतं व्हय? ज्या कुनाचं आसंल ते आसंल, देवी बगून घील."

"म्हणजे सगळेच इथं आणून ठेवतात?"

"सगळीच. पार खालच्या गावांतनं आणत्यात. आपली देवी जागती हाय न्हवं? वाहून वाहून कोनाडा भरला, की त्यो बातमीवाला फोटू काडून न्हेतो." मग माझ्याकडे पाहून त्या हसल्या. "आन तूबी ठिवलास की! भोरला घराचा पाया खंदताना ढब्बू पैसा निगाला व्हता. म्या म्हनलं, घरात नगं, आन आपण दोगींनी नदीकाटच्या देवळात न्हेऊन ठिवला. इसरलीस व्हय?"

विसरले नव्हते. म्हणजे ते नाणं विसरले नव्हते, पण त्याचा माझ्या थोर कार्याशी संबंध असेल हे डोक्यात आलं नव्हतं. त्या देवळाच्या दुरुस्तीत 'मध्ययुगीन तांब्याचे नाणे' निघाल्याची बातमी मी मोठ्या आनंदानं कापली होती आणि नदीकाठी लाल टिकली लावली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण ऑफ तासाला मी किती वर्गांना वाक्यात उपयोग करून लिहायला लावली असेल. उदाहरण म्हणून स्वतः उभी राहिले असते तर मुलांना कायमची समजली असती.

एकेक पुंजका डोळ्यांसमोरून गेला. वेल्ह्याकडचा, नदीकाठचा, वाडीतला. सगळीकडे देऊळ. वस्तू सापडल्या होत्या डोंगराच्या कुशीत, ओढ्यात, बांधात, कुठंही, आणि लोकांनी त्या वाहून देवळात आणल्या होत्या. बातमीदारानं देवळात पाहिल्या, म्हणून छापलं देवळात सापडल्या. मी घरात बसून टिकल्या लावल्या. मी मध्ययुगातला बाजार शोधला नव्हता. आमच्या लोकांची जमिनीतल्या वस्तूंबद्दलची भीती नकाशावर काढली होती, आणि त्या भीतीत मीही होते.

ह्यांना कोपऱ्यात नेऊन सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, हसतील. ते हसले नाहीत. "आता काय बोलणार?" एवढंच विचारलं.

बोलायचं काय, ते मला खरंच कळत नव्हतं. गप्प बसले असते तर कुणाला काही समजलं नसतं. आक्कांना बाजार मिळाला असता, मला शाल मिळाली असती. पण आयुष्यभर मुलांच्या चुकीच्या उत्तरावर लाल रेघ ओढलेली बाई मी. समोर सगळी पंचायत बसलेली, आणि मला खोटं बोलवेना. याला प्रामाणिकपणा म्हणावा की खोड, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सरपंचबाईंनी नाव पुकारलं. मी उठले, नकाशा उलगडलाच नाही. म्हटलं, "मी लिहिलेलं चुकलं. या वस्तू इथं सापडल्या नाहीत, इथं आणून ठेवल्या आहेत. त्यामुळे इथं पूर्वी बाजार होता असं मला सांगता येणार नाही."

फाट्याकडच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या भाषणाला टाळ्या मिळाव्यात ही फार दिवसांची इच्छा होती, ती अशी पुरी झाली. सरपंचबाई म्हणाल्या, विषय पुढच्या सभेत घेऊ. पुढच्या सभेत घेऊ याचा अर्थ आमच्याकडे लहान पोरालाही कळतो.

आक्का मागच्या खांबाजवळ उभ्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खोचलेला पदर सोडला, अंगभर घेतला आणि खाली बसल्या. निघताना नेहमीसारखं नाचणीच्या पिठाचं गाठोडं माझ्या हातात दिलं, पण फाट्यापर्यंत पोचवायला आल्या नाहीत. लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदा झालं.

गाडीत बसल्यावर, हिर्डोशी मागे पडल्यावर मला खरं भाषण सुचलं. "अहो," मी म्हटलं, "वस्तू सगळ्या वाड्यांतून इथं येतात, याचा अर्थ सगळ्या वाड्यांची माणसं इथं येतात. मध्ययुग राहू द्या, आजही पाय इकडेच वळतात. बाजार इथंच भरवायला हवा, हे माझ्या टिकल्यांनीच सिद्ध होतंय की!"

ह्यांनी विचारलं, "आणि हे तिथं का नाही बोललीस?"

"सुचलं नाही."

"गाडी सुटल्यावर हात दाखवून काय उपयोग?" आयुष्यभर हात दाखवणारी माणसं मागे सोडून गेलेल्या माणसानं हे म्हटलं, त्यामुळे मला जास्तच लागलं. पुढच्या सभेसाठी मी तसा अर्ज पाठवला. विषय अजून पुढच्या सभेतच आहे.

आक्कांनी बोलणं टाकलं. फोन केला तर सून उचलायची, "आत्याबाई वावरात हायेत" म्हणायची. शेवटी बाजाराच्या दिवशी मी स्वतःच भोरच्या बाजारात गेले. हा बाजार माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर भरतो. आक्का नेहमीच्या जागी, पोत्यावर नाचणीचा ढीग मांडून बसल्या होत्या. मी शेजारी बसले. विचारलं त्याला व्हय किंवा न्हाई, एवढंच उत्तर मिळालं.

बोलणं नव्हतं, म्हणून मी बाजार बघत बसले. मध्ययुगीन बाजारावर दिवाळी अंकात लिहिणारी बाई खऱ्या बाजारात इतका वेळ कधी बसलीच नव्हती, पिशवी भरली की घरी. आता नीट पाहिलं आणि मनात आलं, संध्याकाळी हे सगळं उठलं की इथं उरणार काय? कांद्याची सालं, ती गाई खातील. आक्का इतकी वर्षं याच जागी बसतात, पण उद्या कुणी इथं खणलं तर त्यांची खूण म्हणून काही निघायचं नाही. नाचणी खाल्ली जाते, भाव हवेत बोलला जातो. माझ्यासारखी एखादी पुढे नकाशा घेऊन आली तर या जागेवर टिकलीसुद्धा लावणार नाही. मला फार वाईट वाटलं, आणि ते आक्कांना कसं सांगावं ते कळेना.

दुपार कलली. ढीग अर्धाही सरला नव्हता. हिर्डोशीच्या गाडीची वेळ झाली तसा व्यापारी आला. गाडीची वेळ त्याला आमच्या ह्यांच्यापेक्षा पक्की ठाऊक होती. त्यानं भाव सांगितला. आक्कांनी मान खाली घालून पोत्याची टोकं गोळा करायला घेतली.

"आक्का, तुम्ही गाडी गाठा," मी म्हटलं. "मी बसते."

"तुला काय जमतंय?" सभेनंतरचं त्यांचं हे पहिलं पुरं वाक्य.

"नाही जमलं तर याच भावात देईन."

त्या घुटमळल्या, पण स्टँडकडून भोंगा ऐकू आला आणि त्यांना उठावंच लागलं. गुडघ्यावर हात ठेवत, मागे वळून बघत गेल्या.

मग मी इस्त्रीच्या साडीत पोत्यावर बसले. जुन्या विद्यार्थ्यांच्या आया येताजाता थबकत होत्या. "बाई, तुमी हितं?" एकीनं तर आवाज खाली आणून विचारलं, "पेन्शन बंद झाली का?" व्यापाऱ्यानं पुन्हा तोच भाव सांगितला. घासाघीस कशी करतात हे मला ठाऊक नाही, मी भाजीवालीलाही ती म्हणेल ते देते. काय बोलावं न सुचून मी गप्प राहिले. तो गेला. एक चक्कर मारून आला आणि भाव वाढवला. मी पुन्हा गप्प, नाचणीचा ढीग उगाच सारखा करत. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं सांगितलेला भाव ऐकून मलाच चुकल्यासारखं वाटलं. मी पटकन हो म्हटलं.

घरी येताना आधी छाती फुगली होती. शाळेच्या वळणापर्यंत फुगलेली राहिली, मग खाली आली. माझ्यात विशेष काहीच नव्हतं. मला फक्त गाडी पकडायची नव्हती.

संध्याकाळी फोन लावला. या वेळी आक्कांनी स्वतः उचलला. मी भाव सांगितला. पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं, रेंज गेली.

"आक्का? ऐकू येतंय ना?"

"येतंय." मग जरा वेळानं, "त्योच व्यापारी व्हता?"

"तोच."

"आन नाचणीबी तीच."

"हो."

"मंजी इतकी वरसं..." आक्का म्हणाल्या आणि थांबल्या.

समोरच्याचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करून द्यायची मला मास्तरकीची सवय आहे, पण हे वाक्य काही माझ्याच्यानं पुरं झालं नाही.